खिडकीजवळची खुंटी

थंडी संपत आली की घाटातलं हवामान माणसाला वेड लावतं. ऐन थंडीचं एक बरं असतं, ती सरळ असते. गोठवायचं म्हणजे गोठवायचं, त्यात आडपडदा नाही. पण ती जाते-जाते म्हणत रेंगाळते ते दिवस मात्र एक नंबरचे लबाड. सकाळी असं ऊन पडतं की माणूस स्वेटरची बटणं सोडतो. दुपारी आभाळ तोंड फिरवतं आणि हातातला चहा निवायच्या आत खिडकीबाहेर बर्फ सुरू. संध्याकाळी पुन्हा ऊन हजर, जणू काही झालंच नाही. घाटात राहणाऱ्या कुणालाही विचारा, ऐन थंडीत माणसं कुडकुडतात, पण दगावतात ती या दिवसांत.

घाटाच्या निम्म्यावर, एका मोठ्या खडकाच्या आडोशाला, रस्त्याच्या टोळीची चौकी होती. एकच लांबट खोली. मधोमध शेगडी, भिंतीला लागून बाक, बाकाखाली फावडी आणि पहारी, आणि दारापासून खिडकीपर्यंत ओळीनं लाकडी खुंट्या. टोळीचं काम सांगायला सोपं होतं. पडलेला बर्फ रस्त्यावरून हटवायचा, आणि वर उतारावर साचून बसलेला बर्फ त्याच्या मर्जीनं कोसळायच्या आधी आपल्या मर्जीनं पाडायचा. पाडण्याचं काम सुरुंगवाल्याचं. तो दरीपलीकडच्या टेकाडावर बसून उतारावर पेरलेले सुरुंग उडवायचा. तिथे त्याला फक्त चौकीचा भोंगा ऐकू जायचा. पहिला भोंगा म्हणजे सगळ्यांनी खाली या. दुसरा म्हणजे रस्ता बंद. तिसरा वाजला की तो कळ दाबायचा, मग पुढचं कुणाच्याच हातात नसायचं.

माणसं मोजायची टोळीची एक स्वतःची रीत होती. सगळ्यांना सारखेच जाड नारंगी कोट आणि ज्याची त्याची खुंटी ठरलेली. वर जाताना कोट अंगावर, खाली आलं की कोट खुंटीवर. रिकामी खुंटी म्हणजे माणूस वर. तिसऱ्या भोंग्याआधी मुकादम विचारणार, "खुंट्या?" आणि आतून उत्तर येणार, "भरल्या." डोकी मोजायला गेलं की एक शेगडीशी असतो, एक आडोशाला गेलेला असतो, एकाला दोनदा मोजलं जातं. कोट बिचारे जागचे हलत नाहीत, असं मुकादमाचं म्हणणं.

चौकी सांभाळायची वहिनी. शेगडी पेटती ठेवणं, चहा-जेवण, ओले मोजे वाळवणं, फोन घेणं, सगळं तिच्याकडे. टोळीतल्या थोरल्याची बायको, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. मुकादम तिच्या वडिलांच्या वयाचा होता, पण तोही तिला वहिनीच म्हणायचा.

थोरला गेल्या वर्षी याच दिवसांत गेला. त्या दुपारी मस्त ऊन पडलं होतं. वर पहार विसरली म्हणून तो नुसत्या शर्टावर निघाला. "दोन मिनिटांत आलोच," म्हणाला. कोट खुंटीवरच राहिला. त्याच उन्हानं उतार सैल झाला आणि भोंगा नाही, सुरुंग नाही, आपल्या आपणच सुटला. सगळे धावत चौकीत आले, खुंट्यांकडे पाहिलं. सगळ्या भरलेल्या. थोरला दिसत नव्हता, पण कोट होता ना, म्हणजे गेला असेल खाली फाटकाकडे. वहिनीनंही कोट पाहिला होता. कोट पाहिला, जीव भांड्यात पडला, आणि ती कप विसळायला बसली. दिवस मावळेपर्यंत त्याला कुणी शोधलंच नाही.

नंतर मुकादमानं नियम केला, ऊन असो नाहीतर आग बरसो, वर जाताना कोट खांद्यावर टाकून का होईना न्यायचाच. आणि एक दिवस तो वहिनीशी अवघडून बोलला, "वहिनी, तो कोट काढायला हवा. भरलेली खुंटी खोटं बोलते, आपण बघितलंय."

"काढीन," ती म्हणाली. "माझ्या हातानं काढीन. जमेल तेव्हा."

मोठमोठ्या साहेबांना फैलावर घेणारा तो माणूस बरं म्हणून बाहेर पडला. आयुष्यात त्यानं नियमाला एवढी एकच सूट दिली असेल.

थोरल्याच्या जागी धाकटा आला, त्याचा सख्खा भाऊ. खाली शहरात गॅरेजात काम करत होता, ते सोडून आला. मुकादमानं त्याच्यासाठी दाराजवळ नवी खुंटी ठोकून दिली, तिच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, त्यामुळे ती मोजणीत कधी धरलीच नाही. खिडकीजवळच्या शेवटच्या खुंटीवर, दादाच्या कोटावरच, तो आपला कोट अडकवायचा. त्यामुळे ती खुंटी कधीच रिकामी नसायची. दोन कोट असले की धाकटा खाली, एक असला की धाकटा वर. हे सगळ्यांना पाठ होतं.

आणि वहिनीचं म्हणाल, तर तिनं वर्षभरात एक कसब कमावलं होतं. खिडकीची कडी लावायची, काच पुसायची, खालचा केर काढायचा, पण त्या खुंटीकडे बघायचं नाही. डोळ्यांच्या कडेला काहीतरी नारंगी आहे एवढं जाणवलं की तिला पुरायचं. तो कोट काढायचा म्हणजे तो गेला असं आपल्या हातानं म्हणायचं, आणि तो हात काही केल्या उचलत नव्हता.

त्या दिवशी सकाळी ऊन इतकं लख्ख होतं की पागोळ्यांची संततधार लागली होती. बर्फ लोटायच्या गाडीचा ड्रायव्हर दारात उभा राहून हात कपाळावर धरून आभाळ न्याहाळत होता. त्याला टोळी 'वेधशाळा' म्हणायची. कारण तो म्हणेल त्याच्या नेमकं उलटं व्हायचं, आणि त्या बाबतीत त्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकता यायचा.

"आज टिपूसही पडायचं नाही," तो म्हणाला. "गेली थंडी. लिहून घ्या."

"झालं!" मुकादम म्हणाला. "पोरांनो, कोट घ्या रे सगळ्यांनी."

सगळे हसत उठले. धाकट्याच्या वाट्याला त्या दिवशी वळणापलीकडची मोरी होती. उन्हानं वितळलेलं पाणी तिच्यातून रस्त्याखालून जायचं, तिचं तोंड बर्फानं बुजलं की पाणी रस्त्यावर पसरायचं आणि रात्री त्याची काच व्हायची. त्यानं खुंटीवरून आपला कोट उचलला, खांद्यावर टाकला आणि तो खिडकीशीच थबकला.

"वहिनी."

"डबा घेतलात का?" ती शेगडीतले निखारे सारखे करत म्हणाली.

"घेतला. वहिनी, तो कोट... आता काढू या का? मी काढतो हवं तर. रोज माझा कोट त्याच्यावर टाकताना दादाच्या पाठीवर टाकल्यासारखं वाटतं."

"मग दाराजवळची खुंटी आहे की तुमची. तिथे लावा."

तिला असं तोडून बोलायचं नव्हतं, पण बोलून गेली. धाकट्यानं मान हलवली, फावडं उचललं आणि गेला. जाताना दार नीट लावून गेला, तेवढंच तिला लागलं. आपटून गेला असता तर बरं वाटलं असतं.

दुपारपर्यंत उतार घामाघूम झाल्यासारखा दिसायला लागला. मग वाऱ्यानं दिशा बदलली. दरीतून ढग वर आला, आधी समोरचं टेकाड गेलं, मग वळण गेलं, आणि बघता बघता ओला, जड बर्फ पडायला लागला. सैल झालेल्या उतारावर हा नवा भार म्हणजे काय ते मुकादमाला कुणी सांगायला नको होतं. संध्याकाळची बस खालून निघायच्या आत उतार पाडायलाच हवा होता. त्यानं पहिला भोंगा दिला.

माणसं एकेक करत आली. कोट झटकले, अडकवले, उभ्याउभ्या चहा घेतला, आणि दोन्ही बाजूंची वाहनं अडवायला ट्रकमध्ये बसून खालच्या फाटकाकडे गेली. फाटक खाली, धोक्याबाहेर, तिथे कोट लागत नसे. ट्रकमध्ये घोंगड्या असायच्या. वेधशाळा सगळ्यांत शेवटी आला. येताना त्याला मोरीशी धाकटा दिसला होता. त्यानं गाडीतून ओरडून सांगितलं होतं, धाकट्यानं हातही वर केला होता. म्हणजे येतोय मागोमाग. वेधशाळा चहा न घेताच ट्रकमागे धावला. त्याला वाटलं असेल, धाकटा पोचतोच आहे.

दुसरा भोंगा झाला. भोंग्याचा चौथरा बाहेर होता, खिडकीला लागून. एरवी मुकादम भोंगा देण्याआधी आत येऊन स्वतः ओळीवरून नजर फिरवायचा. त्या दिवशी त्याची नजर उतारावरून हलत नव्हती. वर कुठेतरी बारीक करकर ऐकू आली होती.

"वहिनी, खुंट्या?" तो बाहेरूनच ओरडला.

वहिनीच्या हातात कपांचा ढीग होता. तिनं दारापासून नजर फिरवली. नारंगी, नारंगी, नारंगी, बाकीचे सगळे, आणि खिडकीजवळ डोळ्यांच्या कडेला जे असायचं ते होतंच.

"भरल्या!"

कप ठेवून ती कोटांकडे वळली. कोट ओले होते, तसेच राहिले तर उद्या कुणाच्या अंगावर चढणार नाहीत. ती रोजच्या सवयीनं पहिल्यापासून एकेक कोट उलटा करायला लागली. पहिला चिंब. दुसरा चिंब. हातातून पाणी ओघळत होतं. दोन्ही हात चालत होते, डोकं सकाळच्या त्या नीट लावलेल्या दारापाशी अडकलं होतं. असं करत ती खिडकीपर्यंत आली, आणि तिचा हात कोरड्या कापडावर पडला.

कोरडं, धुळकट, ताठ. वर्षात त्या कापडाला तिचा हात लागला नव्हता. आता तिला बघावंच लागलं. एकच कोट होता.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते तिला एकदा कळलं होतं, आता दुसऱ्यांदा कळलं. ती ओरडली. खिडकीच्या काचेवर तिनं दोन्ही तळहात आपटले. बाहेर मुकादमाचा हात भोंग्याच्या दांड्यावर होता. त्यानं वळून पाहिलं. तिचा चेहरा पाहून त्यानं दांडा सोडला, चटका बसल्यासारखा.

"धाकटे भाऊजी वर आहेत!" ती दारातून धावत बाहेर आली. "मी भरल्या म्हणाले. नाहीयेत भरल्या. ते वर आहेत!"

मुकादमानं एकदा डोळे मिटले. मग तो कामाला लागला. "मोरीवर पाणी गर्जत असेल, त्याला भोंगा ऐकू गेला नसणार. फोन तिथे लागत नाही. मी जातो."

तो दोन पावलं गेला आणि त्याचा गुडघा त्या ओल्या बर्फात लचकला. वहिनीनं त्याला धरलं. पोरं खाली फाटकावर होती, ती वर येईपर्यंत उतार थांबला असता याची खात्री कुणी द्यायची?

"तुम्ही इथे हवेत," ती म्हणाली. "उतारावर डोळा ठेवा. मी आणते त्यांना."

"वहिनी..."

"मी आणते म्हणाले ना."

ती आत आली. सकाळच्या उन्हाला भुलून ती घरून नुसती शाल गुंडाळून आली होती. समोर ओळीनं ओले, जड कोट लटकत होते, आणि शेवटी तो एक कोरडा. वर्षभर जो हात उचलला नव्हता तो सरळ गेला, आणि कोट खुंटीवरून खाली आला. इतकं सोपं होतं ते. तिनं तो अंगात घातला. बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या. खिशात हातमोजे होते, एकात एक गुंडाळलेले, थोरला नेहमी गुंडाळायचा तसे. तिनं ते चढवले आणि डोक्यावर कोटाचं टोपडं ओढून निघाली.

रस्ता रोजचाच होता. पण रोजचं काही दिसत नव्हतं. एका हाताला खडक, तो चाचपत चालायचं. वर तो उतार होता आणि ती वर बघत नव्हती. घाबरून किंचाळावं असं वाटत होतं, पण मुकादम नेहमी सांगायचा, सैल उताराखाली मोठ्यानं बोलू नये. त्यात खरं किती, खोटं किती, देव जाणे. ती ओठ मिटून, मनातल्या मनात दोघा भावांना शिव्या घालत चालली होती. एक सांगून गेला आणि आला नाही, दुसरा बोलावलं तरी येत नाही. एकाच आईची लेकरं!

वळणाशी पाण्याचा आवाज सुरू झाला. मोरी जवळजवळ मोकळी झाली होती आणि वितळलेलं पाणी तिच्यातून असं धडधडत होतं की स्वतःचा श्वासही ऐकू येत नव्हता. धाकटा गुडघाभर पाण्यात वाकला होता. मघाशी मोरी मोकळी करून तो निघणारच होता, तेवढ्यात वरून ढेकूळ घसरलं आणि तोंड पुन्हा बुजलं. अर्धवट सोडून जायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यानं पाठ सरळ केली आणि मागे वळला.

पडत्या बर्फातून त्याच्या दादाचा कोट चालत येत होता. डाव्या खांद्यावरचं काळं ठिगळ त्यानं लांबूनच ओळखलं. ते वहिनीनंच लावलं होतं, पण त्या क्षणी त्याला वहिनी आठवली नाही. फावडं त्याच्या हातातून पाण्यात पडलं.

"दादा?"

तिला ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. ती जागच्या जागी थांबली. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. फार दिवसांनी कुणीतरी घरी आल्यावर होतो तसा आनंद होता, आणि तो आनंद खोटा ठरवायचं तिच्यावर आलं होतं. तिनं टोपडं मागे टाकलं.

आनंद गेला. तो तसाच उभा राहिला, लहान मुलासारखा ओठ दाबून. वहिनीनं त्याच्या दंडाला धरलं आणि पाण्याबाहेर ओढलं. तोंड त्याच्या कानाशी नेऊन म्हणाली, "ते नाहीत. मी आहे. चला."

"फावडं..."

"खड्ड्यात गेलं फावडं! चला म्हणते ना!"

ते परत निघाले. तिनं त्याची बाही एकदाही सोडली नाही. निम्म्या वाटेत वरून मूठभर बर्फ घरंगळत येऊन त्यांच्या पायाशी पडला. दोघंही खडकाला चिकटून उभी राहिली. काही झालं नाही. तेव्हा धाकटा रडायला लागला आणि रडतरडतच चालू लागला. तिनं त्याला रडू दिलं. तिला रडायला त्या वेळी सवड नव्हती.

चौकीत आल्यावर धाकट्यानं कोट काढला, खिडकीजवळच्या खुंटीशी गेला आणि घुटमळला. खुंटी मोकळी होती. लाकूड तेवढ्या जागी झिजून गुळगुळीत झालं होतं. त्यानं वहिनीकडे पाहिलं.

"लावा," ती म्हणाली. "तुमचीच आहे."

मुकादम दारात येऊन उभा होता. गुडघा धरून, बर्फानं पांढरा झालेला. आत यायला हरकत नव्हती, डोळ्यांना सगळं दिसत होतं, तरी त्यानं रीत सोडली नाही.

"वहिनी, खुंट्या?"

या वेळी ती जागेवरून बोलली नाही. पहिल्या खुंटीपासून निघाली. प्रत्येक कोटावर हात ठेवत, त्याच्या मालकाचं नाव मनाशी घेत, खिडकीपर्यंत गेली. शेवटच्या कोटातून अजून पाणी गळत होतं. त्यावर तिनं हात जरा जास्त वेळ ठेवला.

"भरल्या."

तिसरा भोंगा झाला. वर उतारावर एकामागून एक दबके दणके, आणि मग तो आवाज आला, जो ऐकून घाटातलं कुणीही बोलायचं थांबतं. शेगडीवरची किटली थडथडली. खिडकीतून काही दिसलं नाही, नुसतं पांढरं. ते निवळलं तेव्हा वळण नव्हतं. मोरी नव्हती. तिथे घरं बुडतील एवढा बर्फ पडला होता.

वहिनीनं तिघांचा चहा ओतला. मग वहिनी मुकादमाला म्हणाली, "मी बघितलंच नव्हतं. न बघता भरल्या म्हणाले."

"आणि मी न बघता विचारलं," मुकादम म्हणाला. "दोघांचं मिळून झालंय ते. एकटीनं डोक्यावर घेऊ नका." त्यानं चहाचा कप दोन्ही हातांत धरला, पण प्यायला नाही. "वर्षापूर्वीच तुमच्याशी भांडून काढायला हवा होता तो कोट."

"तेव्हा काढला असता तर मी तुम्हाला आयुष्यभर माफ केलं नसतं," ती म्हणाली, आणि आता कुठे तिला रडू आलं. धाकट्यानं तिच्यासमोर पाण्याचा पेला धरला. तिनं निम्मं पाणी प्यायलं आणि उरलेलं त्याला प्यायला लावलं.

संध्याकाळी अर्थातच ऊन पडलं. लाज नावाची गोष्ट त्या हवामानाला नाहीच. घरी निघताना धाकट्यानं हात पुढे केला, कोट घेऊन खुंटीवर लावायला. वहिनीनं मान हलवली. "राहू दे. घरी नेते. धुवायला झालाय." आणि बाह्या दुमडून, तो अंगावर घालूनच ती घाट उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा कोट खांद्यावर टाकून, नवं फावडं घेऊन वर गेला. वहिनी शेगडी पेटवायला बसली, आणि बसल्या जागेवरून तिनं सरळ खिडकीकडे पाहिलं. वर्षात पहिल्यांदा सकाळी ती खुंटी रिकामी होती. रिकाम्या खुंटीची तिला इतकी धास्ती होती, आणि टोळीतला कुणीही पहिल्या दिवशी शिकतो तेवढाच तिचा अर्थ होता. माणूस वर गेलाय, यायचा आहे.

तिनं किटलीत त्याच्या वाटणीचं पाणी घातलं.